प्रयोगशाळेचा उंबरा

ईश्वरप्पा मामांवर मी चिडते तेवढी कुणावरच चिडत नाही, आणि जीवही तेवढा कुणावर नाही. मंद्रूपचं आमचं घर त्यांनीच बांधलं. मी इंजिनिअर झाले आणि गावाबाहेर जनावरांच्या आजारांची सरकारी प्रयोगशाळा उभारायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा गवंडीही तेच होते.

मागच्या साली आईची मेंढरं पटापट मेली. रक्ताचे नमुने पुण्याला गेले. रिपोर्ट आला तेव्हा एकही मेंढरू उरलं नव्हतं. म्हणून ही इमारत तपासणीत पास व्हायलाच हवी होती. नापास झाली तर यंत्रं दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होती.

तपासणीला थोडे दिवस उरले आणि बघते तर काय, नमुन्यांच्या खोलीच्या दारात काळ्या दगडाचा उंबरा! वर हळदकुंकू. माझ्या नकाशात तिथं सपाट फरशी होती, कारण नमुन्यांची ढकलगाडी त्याच दारातून जायची होती.

"मामा, हे काय करून ठेवलंत?"

"उंबरा हाय की, पोरी. लई झ्याक घडवलाय." चारचौघांत ते मला म्याडम म्हणतात, पण आनंदात विसरले.

"काढा तो."

"पुजल्याला उंबरा काडत्यात व्हय? लक्ष्मी कुटनं यील आत?"

माझं डोकंच फिरलं. मी गाडीत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि त्यांच्यासमोर दिली ढकलून. उंबऱ्यावर गाडी आदळली, बाटली फुटली.

"हे रोगी मेंढराचं रक्त असतं तर? आपली लक्ष्मी मेंढरंच ना, मामा? तिचं रक्त याच गाडीवरनं आत येणार."

मामांनी फुटलेली बाटली उचलून बाजूला ठेवली. मग कुणालाही घण घालू न देता, दगडाला हात जोडून त्यांनी तो अख्खाच्या अख्खा उपसून काढला.

तपासणीत साहेबांनी भरलेली गाडी स्वतः ढकलली. एक थेंब सांडला नाही.

प्रयोगशाळा सुरू झाली त्या पहिल्या दिवशी आई नवीन घेतलेलं आजारी कोकरू काखेत घेऊन आली. सरकारी दार दिसलं की कुणी बोलवेपर्यंत बाहेर उभी राहणारी बाई ती. मी तिला आणायला निघालेच होते, तर माणसांच्या ये-जा करायच्या छोट्या फाटकाशी ती वाकली, खाली हात लावून कपाळाला नेला आणि घरात शिरावं तशी सरळ आत आली.

त्या छोट्या फाटकात तोच काळा दगड बसवला होता. मामा बाजूला उभे होते.

"म्याडम," ते भीत भीत म्हणाले, "हितनं गाडी जात न्हाय न्हवं?"

"न्हाय जात, मामा," मी म्हणाले आणि त्यांच्या पाया पडले.