दोन कामांचा जावई

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतली एक छोटी बैठकीची खोली डोळ्यांपुढे आणा. रविवारची सकाळ आहे. पोह्यांच्या बशा रिकाम्या होत आल्या आहेत आणि दाराच्या पडद्याआड दीपमाला उभी आहे. तिचं लग्न ठरलंय, पत्रिकाही वाटून झाल्यात. आज धुळ्याच्या देवपूरहून सासरची माणसं मानपानाचं बोलायला आली आहेत.

नवरदेव योगेंद्र हवाई दलात, विमानातलं रडार दुरुस्त करणारा.

"रेडिओ दुरुस्त करणारे वेगळे," तो दीपमालाच्या वडिलांना, गिरधरभाऊंना, रंगात येऊन सांगत होता. "आता दोन्ही कामं एकाच माणसाकडे द्यावीत का, असा विचार चाललाय. साहेबांनी आमचं मत विचारलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"नको म्हणालो. सगळे गप्प होते, मीच उठून बोललो. एकत्र केलं तर बिघाड लवकर सापडेल, हे खरं. पण दोन्हीकडचं अर्धवट शिकलेला माणूस विमानाला हात लावणार, आणि जीव जाणार वैमानिकाचा."

दीपमालाला बरं वाटलं. साहेबापुढे बोलणारा माणूस आहे.

योगेंद्रची आई लताबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, आते आमना पोऱ्या दोन जणस्नं काम करी. मंग एकना मानपान कसा चाली? चारचाकी देनी पडी."

गिरधरभाऊंनी हातातली बशी खाली ठेवली. "अक्का, हिच्या आईचे दागिने मोडून झालेत. आणि ते कामांचं अजून ठरलं कुठे? नाहीच ठरलं, तर गाडीचं सोडाल?"

"ते मंग देखसूत," लताबाई हसल्या. "पत्रिका त वाटाई गयात ना?"

गिरधरभाऊंनी हात जोडले. "घरासाठी ठेवलेला फंड काढावा लागेल. उद्या निवृत्त होऊन हे क्वार्टर सोडलं की आम्ही जायचं कुठे? धाकटी अजून चौथीत आहे."

दीपमाला योगेंद्रकडे बघत राहिली. आता बोलेल. आता तरी बोलेल. त्याने बशीतली मिरची बोटाने बाजूला सारली आणि पुटपुटला, "आई म्हणते तसं."

वैमानिकाच्या जिवाची काळजी वाहणारा हाच तो, मुलांनो. समोरच्या म्हाताऱ्याचा जीव त्याला दिसत नव्हता का? दिसत होता. म्हणून तर मान वर होत नव्हती.

"बरं, देतो," गिरधरभाऊ म्हणाले. दीपमालाने नाही म्हणायला तोंड उघडलं. वडिलांचे जोडलेले हात दिसले आणि तिने ते मिटलं.

धाकटी रत्ना तिचा हात धरून उभी होती. तिने तो सोडला, बाहेर ओट्यावर जाऊन पाहुण्यांच्या बूट-चपला एकेक उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ओळीने मांडल्या. मग दार सताड उघडलं आणि ते धरून उभी राहिली.