जूबाच्या चार ओळी

माझा नवरा प्रायमस लाकडी पिंपं बांधायचा आणि कविता करायचा. दोन्ही मालकासाठीच. थर्लोमालकांच्या घरात तो जन्मला, त्यांच्याच बायबलावरून अक्षरं शिकला. दोनदा त्याची कविता शहरातल्या वार्षिकात छापून आली, खाली ‘थर्लो यांचा गुलाम’ एवढंच. पाहुणे आले की मालकीणबाई त्याला कामावरून बोलावून घ्यायच्या, आणि तो अंगावरचा भुसा झटकून दिवाणखान्यात म्हणून दाखवायचा.

त्या हिवाळ्यात घशाची साथ आली. आमची जूबा मंगळवारी गेली, सहा वर्षांची. गुरुवारी मालकांची लेक मर्सी गेली, तीही सहाचीच. जूबाला आम्ही दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. जमीन इतकी गोठलेली की कुदळ बसेना. दुपारी दोघंही परत कामाला. शुक्रवारी निरोप आला, रविवारी चर्चमध्ये वाचायला मर्सीवर कविता हवी.

प्रायमसनं ती एका बैठकीत लिहिली. लिहिताना रडला नाही. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखा दिसत होता.

पाद्रीबाबांनी कविता वाचली तेव्हा आम्ही वर माळ्यावर, आमच्या लोकांच्या बाकांवर होतो. खाली बायका हुंदके देत होत्या. मग त्या चार ओळी आल्या. चूल विझली की ती शेजारून शिंपल्यात निखारा आणायची, वाटभर फुंकर घालत. दारात पोचली की आधी निखारा दाखवायची, मग हसायची. ही तर आमची जूबा. खाली मालकीणबाईंचं रडं थांबलं. मर्सीनं जन्मात निखारा उचलला नव्हता.

घरी येताच त्यांनी त्याला बोलावलं. मी चुलीपाशीच होते.

“ही कोणाची मुलगी, प्रायमस?”

“गेलेली मुलगी, बाई.”

“माझ्या लेकीच्या थडग्यावर तुझी लेक बसवतोस?”

मालकांनी आवाज न चढवता सांगितलं, कविता दगडावर कोरायची आहे, त्या ओळी काढ. नाहीतर नदीचं बर्फ फुटलं की पहिल्या जहाजानं साखरेच्या बेटांवर, उसाच्या मळ्यात जाशील. तिकडे गेलेलं माणूस चार वर्षं टिकत नाही, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक होतं.

तो नाही म्हणाला. आमच्या खोपटात येऊन मी त्याचे पाय धरले.

“ती गेली रे. मी आहे ना अजून?”

“तिचं दुसरं काहीच उरलं नाही, बिना. दगडसुद्धा नाही.”

“मग मलाही पुर तिच्याशेजारी आणि जा.”

हे मी बोलले. त्यानं लेखणी घेतली, चार ओळी खोडल्या आणि त्या जागी मर्सीची बाहुली आणि निळी फीत घातली. खोडताना कागद फाटला.

त्यानंतर त्याला शब्द जुळेनात. पिंपंही गळायला लागली. पाहुण्यांपुढे उभा केला तर तोंड उघडून नुसता उभा राहायचा. एप्रिलमध्ये मालकांनी त्याला विकलंच, त्याच बेटांवर. मला कोणी सांगितलं नाही. मासे विकायला आलेल्या बाईकडून कळलं. हातातलं भांडं टाकून पळत धक्क्यावर गेले, तोवर जहाज नदीच्या मुखापाशी पोचलं होतं.

पानगळ सुरू झाली तेव्हा एका सकाळी मालकीणबाई स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. एवढ्या वर्षांत कधी बसल्या नव्हत्या. म्हणाल्या, दगडावरचं वाचून आता काहीच होत नाही. डोळे मिटले की निखारा घेऊन येणारी तीच दिसते.

“त्या चार ओळी म्हणून दाखव ना, बिना.”

मला पाठ होत्या. रोज पीठ मळताना मी त्या मनात म्हणत होते.

“विसरले, बाई,” मी म्हटलं आणि मक्याच्या पिठात हात घातला.

त्या बराच वेळ तिथंच बसून राहिल्या.