तीन कुलपांचा नळ

एका नळाला कुलपं किती लागतात? तुम्ही-आम्ही म्हणू, एक. पण इथे खाती तीन होती ना! सांडपाणी खातं म्हणालं, पाणी शुद्ध आम्ही करतो, कुलूप आमचं. रस्ते खातं म्हणालं, कोपऱ्यावरची जागा आमची, कुलूपही आमचंच. पाणीपुरवठा खातं काहीच म्हणालं नाही, कारण त्यांच्या वतीने बैठकीला बसलेली इंजिनियर हल्ली काही म्हणतच नसे. तिला सगळे मॅडम म्हणत.

बेत तसा साधा होता. पिण्याच्या पाण्याची बोंब, म्हणून ते बागेला घालायला बंदी केलेली. त्याऐवजी शुद्ध केलेलं सांडपाणी कोपऱ्यावरच्या केंद्रात आणायचं, आणि लोकांनी कॅन भरून झाडांसाठी फुकट न्यायचं. नळ बसला होता, पाणीही येऊन पोचलं होतं. घोडं अडलं होतं ते कुलपापाशी.

मॅडमची मुलगी जाऊन वर्ष होत आलं होतं. तापाचं निमित्त झालं आणि चौथीतली पोर हा हा म्हणता गेली. तेव्हापासून हिच्या तोंडी एकच शब्द उरला: चालेल. चहा गार झालाय? चालेल. बैठक पुढे ढकलू? चालेल. लोक म्हणत, किती सावरली बघा. सावरली कसली डोंबलाची! आत काही हलतच नव्हतं. दुखतसुद्धा नव्हतं, आणि त्याचीच तिला मधूनमधून भीती वाटायची.

घरामागे पोरीने लावलेलं अंजिराचं झाड होतं. शाळेतून काडी ढापून आणली होती पठ्ठीने. फळ एक नाही, नुसतं उभं, म्हणून त्याचं नाव ठेवलं साहेब. "आई, हा तुझ्याच ऑफिसातला आहे," म्हणायची आणि खिदळायची.

आता साहेबांची पानं करपून गळत होती. बंदीच्या हुकमावर सही मॅडमचीच, तेव्हा तिनेच नळी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि मागच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला, तो आजतागायत उघडला नव्हता. केंद्र लवकर सुरू झालं तर झाड जगेल, नाहीतर पोरीच्या हातचं जिवंत असं काहीच उरणार नाही, हे तिला कळत होतं. तरी बैठकीत तोंडून निघे ते चालेलच.

नवरा शिंपी होता. जेवण झालं का, याच्यापलीकडे दोघांत बोलणं उरलं नव्हतं. संध्याकाळी ती घरी आली की स्वयंपाकघराच्या फरशीवर पांढुरके वाळलेले ओघळ दिसत. अंग नीट पुसायचंही भान राहिलं नाही या माणसाला, असं मनात येई. ती फडकं घेऊन ते पुसून टाकी. विचारलं मात्र कधी नाही.

त्या सकाळी रस्तेवाल्यांनी तोडगा काढला. तिन्ही खात्यांची तीन कुलपं, तिघांची माणसं जमली की नळ उघडायचा.

"लग्न लावताय की पाणी देताय?" सांडपाणीवाले उखडले. "तिघं एका वेळी जमतील कधी? मॅडम, तुम्ही तरी सांगा."

"चालेल," मॅडम म्हणाली.

सह्या नकाशावर व्हायच्या होत्या आणि नकाशा तिच्या घरी राहिलेला. तो आणायला ती निघाली.

दार लोटलं तर समोर नवरा. ओल्या केसांनी, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी निळा टब उचलून चाललेला. पोर तान्ही असताना तिला अंघोळ घालायचे तोच टब. साबणाचं पाणी हिंदकळत फरशीवर सांडत होतं.

"अहो, काय चाललंय हे?"

"साहेबांचं पाणी," तो म्हणाला. "टबात उभा राहून अंघोळ करतो रोज."

"पण बंदी आहे."

"पिण्याच्या पाण्याला. हे पिऊन बघ पाहिजे तर."

ती मागच्या दारापाशी गेली. झाड निम्मं वाळलं होतं. पण बुंध्याजवळच्या फांदीला एक पान फुटलं होतं, कोवळं, मुडपलेलं.

"मला सांगायचं तरी होतंत."

"तू म्हणाली असतीस, चालेल." त्याचा आवाज चिरकला. "ते ऐकवलं नसतं गं मला."

तिने पुढे होऊन टबाची दुसरी कड धरली. दोघांची पावलं जुळेनात, पाणी उसळून तिच्या बुटांत शिरलं. टब मुळाशी रिकामा झाला आणि तिला रडू कोसळलं. नवरा आपल्या ओल्या हाताने तिचा खांदा नुसता धरून राहिला.

ती नकाशा घेऊन परतली तेव्हा रस्तेवाल्यांनी पेन काढूनच ठेवलं होतं.

"मग मॅडम, तीन कुलपं. चालेल ना?"

"नाही चालणार."

"अहो, आत्ता तर तुम्ही..."

"एक कुलूप. किल्ली सांडपाणीवाल्यांकडे. नळ उद्यापासून सुरू."

"पण कारण काय लिहायचं?"

"माझ्या मुलीचं झाड सुकतंय."

तिने ऑफिसात मुलीचा उल्लेख वर्षात केला नव्हता. सांडपाणीवाल्यांनी चष्मा काढून पुसला. रस्तेवाल्यांनी आपलं कुलूप मुकाट्याने खिशात टाकलं आणि सही केली.

मॅडम खुर्चीत बसली. बुटांत अजून पाणी होतं. पाय गारठले होते, आणि ते तिला चांगलंच जाणवत होतं.