जप्तीतला कमठा

पुसाच्या थंडीत झरी गावात हत्यारांची झडती आली. बिनपरवान्याचं हत्यार दिसलं की जप्त, असा निजाम सरकारचा हुकूम. पोलिसांचे अमीनसाहेब चावडीसमोर बसले. त्यांच्यापुढं एक गंजकी तलवार आली अन् लिंबाजीचा कमठा आला. ज्वारीत शिरणारी रानडुकरं लिंबाजी या बांबूच्या धनुष्यानंच हाकलायचा.

"ये हत्यार है या लकडी?" साहेबांनी विचारलं.

"लकडी हाय, सरकार," पोलीस पाटील माणिकराव घाईनं म्हणाले.

"तीर चलाव. उस गोवरी में घुसा तो हत्यार, नहीं तो लकडी."

चाळीस पावलांवर भिंतीला गोवरी थापलेली होती. पण लिंबाजी कमठ्याला हात लावीना.

"गारठलाय त्यो. आसाच वढला तर मोडंल. आधी ऊब द्यावी लागती."

शेकोटी पेटली. साहेब शेकायला सरकले, तर लिंबाजी म्हणाला, "थोडं तिकडं व्हा, सरकार. ह्याला झळ न्हाई लागायली." साहेब मुकाट्यानं सरकले. लिंबाजीची बायको चतुराबाई करडीचं तेल घेऊन आली अन् बाळंतिणीला चोळावं तसा तिनं कमठा चोळला. मग तो घोंगडीत गुंडाळला. घटकाभर सगळं गाव कुडकुडत त्याच्याकडं बघत बसलं.

"चुकव बरं का," माणिकराव लिंबाजीच्या कानाशी पुटपुटले. "चुकला तर कमठा तुझा."

"चुकवतो की," लिंबाजी म्हणाला, अन् खरंच त्याच्या मनात तेच होतं. पण बांबू लवला, दोरी कानापर्यंत आली अन् हाताला काही आठवलंच नाही. तीर गोवरीच्या मधोमध घुसला. गावानं आरोळी ठोकली. माणिकरावांनी कपाळ बडवून घेतलं.

"हत्यार!" साहेब खूश होऊन म्हणाले. कमठा जप्त झाला. परभणीला नेईपर्यंत तो चावडीत ठेवायचा, अन् मोडला तर जिम्मेदारी माणिकरावांची.

दुसऱ्या दिवशी माणिकराव स्वतः लिंबाजीच्या दारात. "चल बाबा, ऊब दे त्याला."

लिंबाजी रोज सकाळी चावडीत जाऊन सरकारी कमठा घोंगडीत घेऊन बसू लागला. राखणीला ठेवलेला शिपाई त्याच्या शेजारी शेकत बसायचा. इकडं डुकरांनी ज्वारीचा अर्धा पट्टा आडवा केला. शेवटी चतुराबाई तणतणत चावडीवर आली.

"पाटील, नुसती ऊब देऊन भागतंय व्हय? रोज चार तीर सोडले न्हाई तर कमठा आखडतो. मोडला तर तुमीच बघा."

 माणिकरावांनी तिथंच हुकूम दिला.

त्या दिवसापासून जप्त कमठा रोज शिपायाच्या पहाऱ्यात लिंबाजीच्या शेतात जायचा, चार तीर सोडायचा अन् दिवस मावळायच्या आत चावडीत परत यायचा. माघात साहेबांचा माणूस कमठा न्यायला थेट शेतात आला, तेव्हा शिपाई बांधावर पालथा पडून हळूच म्हणाला, "जरा थांबा. डुकरं आत्ताच यायलीत."