करडाच्या खुंटीची कडी

सुदर्शन सर संभाजीनगरला प्रशिक्षण घेऊन आले तेव्हापासून त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. मुलांनी अडचण शोधायची, तिच्यावर वस्तू तयार करायची, फसली तर सुधारायची. फळ्यावर त्यांनी प्रश्नच लिहून टाकले: अडचण कोणाची? काय करून पाहिलं? कुठं फसलं? आता चालतं का?

फुलंब्रीजवळच्या त्या वस्तीशाळेत शिक्षक दोनच, सर आणि निवृत्तीला टेकलेले नानासाहेब गुरुजी. गुरुवारी केंद्रप्रमुख येऊन तालुक्याच्या प्रदर्शनासाठी एक वस्तू निवडणार होते. सरांना ती देखणी हवी होती. शहरात सर राहायचे त्या गारखेड्यातल्या शेजाऱ्यांना फोटो दाखवायचा तर थोडं रंगरूप पाहिजेच.

बुधवारी पोरांनी टेबल भरून टाकलं. थर्माकोलची पवनचक्की, बाटल्यांचा कूलर, पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर. चौथीतल्या सुकेशनी आणि अमृता तेवढ्या हात हलवत आल्या.

"काय गं, रिकाम्या हातानं?"

"आणता येत नाय सर," सुकेशनी म्हणाली. "तिथंच ठोकलीय."

"कुठं?"

दोघी आपापल्या पायांकडं बघायला लागल्या. शेवटी अमृता पुटपुटली, "संडासात."

वर्ग फिस्सकन हसला. सरही हसले. "वा! म्हणजे केंद्रप्रमुखांना हार घालून तिथंच न्यायचं का?" वर्ग पुन्हा हसला. विनोद जमला की सरांना फार बरं वाटायचं. खोडच होती ती.

सुकेशनी हसली नाही, रडलीही नाही. "चला ना सर, दाखिवते," एवढंच म्हणाली.

मुलींच्या संडासाकडं सर कधी गेले नव्हते. जायचं कामही पडलं नव्हतं. शिक्षकांचा संडास वेगळा, त्याला कुलूप, आणि किल्ली सरांच्या मोटरसायकलच्या किल्लीबरोबर. मुलींच्या दाराची कडी मात्र निखळून गेली होती, तिच्या जागी नुसती भोकं उरली होती.

"ही कधी तुटली?"

"आम्ही दुसरीत व्हतो तवा."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"एक आत, एक भाईर दार धरून," अमृता म्हणाली. "नायतर पोरं ढकलून पळत्यात."

पोरी जोडीनं जातात आणि गप्पा मारत बसतात म्हणून जुलैत त्यांनीच नियम केला होता: एका वेळी एकच. "वरातीला निघालात का?" असंही म्हणाले होते. तेव्हाही वर्ग हसला होता.

"नियम केल्यावर?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग जायचोच नाय. सकाळपासनं पाणीच प्यायचो नाय." अमृतानं सुकेशनीकडं बोट केलं. "हिला तर उन्हाळी लागली. लघवीला बसली की लई रडायची. फुलंब्रीला सलाईन लावलं."

म्हणजे ती गैरहजर होती ते दिवस! सरांनी तिच्या आईला, कस्तुराबाईला, शाळेत बोलावून सगळ्यांसमोर झापलं होतं. पोरीला शेरडांमागं धाडता आणि वर म्हणता ती शिकत नाही! कस्तुराबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली होती. पोरीचं असलं दुखणं ती सरांना कोणत्या तोंडानं सांगणार? आणि आता ती बाई रस्त्यात भेटली तर आपण कोणत्या तोंडानं तिच्याकडं बघणार? सरांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं.

सुकेशनीला मात्र सांगायची घाई झाली होती. "पहिली पट्टी फुटक्या पाटीच्या लाकडाची केली, ती मोडली. मग करडू बांधायची खुंटी घासून घेतली. चौकटीला आतनं एकच खिळा. फिरवली की दाराला आडवी येती. पण आपोआप खाली पडायची, म्हणून मागं सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं. पहिलीच्या पोरींचा हात पुरंना, मग खाली घेतली. थांबा."

ती आत गेली. दार लागलं.

"ढकला सर!"

सरांनी दाराला बोटं टेकवली.

"तसं नाय! पोरं ढकलत्यात तसं!"

त्यांनी ढकललं. दार उघडलं नाही.

सुकेशनी बाहेर आली तेव्हा तिचं तोंड आनंदानं फुललं होतं. "चालतं ना सर? आता एकटीला जाता येतं. तुमचा नियम मोडत नाय."

सरांना शाबासकी द्यायची होती, माफीही मागायची होती. "सुकेशनी..." म्हणाले आणि ती खुंटीच उगाच फिरवून पाहू लागले. लाजेनं मान वर होईना. तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. दोघी नळाकडं पळाल्या आणि ओंजळी भरभरून पाणी प्यायल्या.

सर दारावर हात ठेवून तिथंच उभे होते. पहिलीतली एक चिमुरडी पळत आली, सरांना दाराशी बघून थबकली, आणि तशीच परत फिरली.