गळ्यावरचा व्रण

थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि नीरजाच्या गळ्यावर बोटभर लांब व्रण राहिला. तेवढ्यात ठाण्याला चुलतभावाचा साखरपुडा ठरला. मंदाकिनीकाकूने लगेच डोंबिवलीला नीरजाला फोन केला. "बंद गळ्याचा ब्लाउज शिवून घे गं. लोक उगाच विचारत बसतात."

नीरजाने गळ्याला घट्ट बसणारा चोकर करायला काळी लेस आणि काळी मखमली पट्टी आणली, लेस पट्टीच्या कडेला शिवली. तुटलेलं चांदीचं पैंजण उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात बंद करून ठेवलं, तेव्हा अंड्यातल्या गंधकाने ते छान काळपट झालं. त्याच्या साखळ्या तिने पट्टीच्या दोन्ही बाजूंना टाकून घेतल्या आणि मागे ब्लाउजला लावतात तसे हूक लावले. पट्टी तिने मुद्दाम व्रणाच्या वरच्या बाजूला बसेल आणि व्रण उघडा राहील अशी बेतली होती.

साखरपुड्याच्या हॉलमध्ये काकूने तिला बाजूला ओढलं. "शुभकार्यात हे काळं काय? आणि एवढं करून झाकलं नाहीसच!"

"झाकायला केलंच नाही, काकू. मला आवडतं म्हणून केलंय."

काकूने पुढे केलेली ओढणी न घेता ती फोटोसाठी पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"मॅडम, हनुवटी जरा खाली घ्या," फोटोग्राफर म्हणाला.

"नाही," नीरजा म्हणाली, "असाच काढा."