चौकटीबाहेरची सूचना

हिंजवडीच्या त्या कंपनीत नवा माणूस आला की त्याला ओळखपत्र, लॅपटॉप आणि पूर्णिमाचं पान, या क्रमाने वस्तू मिळत. ओळखपत्रावाचून एखादा दिवस निघे. पानावाचून तासभरही निघत नसे. वेबसाइट आपल्या मशीनवर कशी उभी करायची, कोणतं सॉफ्टवेअर आधी टाकायचं, कुठली चूक दिसली की काय करायचं, हे सगळं पूर्णिमा मेश्रामने कंपनीच्या अंतर्गत साइटवर लिहून ठेवलं होतं. नेहमी लागणारे कोडचे तुकडे करड्या चौकटींत होते आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात ‘कॉपी’चं बटण होतं. दाबा, आपल्या फाइलीत चिकटवा, कामाला लागा. बटणंही तिनेच बसवली होती.

प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या ओळीत तिचं नाव असे. वडील चंद्रपूरला शिक्षक. केलेल्या कामावर नाव घाल, नाही तर ते दुसऱ्याचं होतं, असं ते सांगत, आणि अनुभवाने सांगत. टीममध्येही मग तो रिवाज पडला: तुकडा खुशाल घ्यावा, नाव पुसू नये.

यंदा टीम लीडची जागा तिची, हे सगळे धरून चालले होते. मॅनेजर दिग्विजय तर कँटीनमध्ये तिला ‘लीडबाई’ म्हणू लागला होता. पूर्णिमा हसण्यावारी न्यायची, पण शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मांजरीहून, कंपनीच्या बसने येताना ती टीमची नवी मांडणी मनातल्या मनात करून ठेवायची.

अशात एका सहल कंपनीच्या वेबसाइटवरून प्रवाशांच्या पासपोर्टच्या प्रती बाहेर गेल्या. वेबसाइट यांनीच बांधलेली. चौकशीत कारण निघालं: सर्व्हरवर चार ओळी राहून गेल्या होत्या, ज्या ओटीपी न मागता कुणालाही आत सोडत. त्या ओळींच्या माथ्यावर नाव होतं, पूर्णिमा मेश्राम.

विभागप्रमुख मंदाकिनी मॅडमनी तिला आणि दिग्विजयला बोलावून घेतलं.

“हे तुमचंच ना?”

“तुकडा माझा आहे, मॅडम. आपल्या लॅपटॉपवर काम करताना ओटीपी येत नाही, तेवढ्यापुरता. सर्व्हरवर मी टाकलेला नाही.”

तिने बदलांची नोंद पडद्यावर लावली. कोणत्या फाइलीत कुणी काय घातलं, ते तिथे आपोआप उमटतं. नाव दिग्विजयचं उमटलं होतं. ग्राहकापुढे डेमो चालू असताना ओटीपी येईना, म्हणून त्याने तो तुकडा चिकटवला होता. काढायचा राहिला होता.

“हो, मीच टाकला. नाकारतोय कुठे?” दिग्विजय म्हणाला. “पण टीमचं पान आहे. नवे लोक त्यावर शिकतात. मीही विश्वासाने उचललं.”

“वर ठळक अक्षरांत लिहिलंय. फक्त स्वतःच्या मशीनवर, सर्व्हरवर कधीही नाही.”

“कुठे? माझ्या फाइलीत दाखव ना.”

फाइलीत नव्हतं. पूर्णिमाने पान उघडलं, बटण दाबलं आणि कोऱ्या फाइलीत चिकटवलं. चार ओळी आल्या, माथ्यावर नाव आलं. सूचना आली नाही. ती चौकटीच्या वर लिहिलेली होती आणि बटण चौकटीतलं तेवढंच उचलत होतं. इतक्या जणांनी इतक्या वेळा ते दाबलं, तिने स्वतः दाबलं, आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

“नाव मात्र आठवणीने आत घातलंत,” मंदाकिनी मॅडम म्हणाल्या.

लीडच्या जागी बाहेरून माणूस आला. दिग्विजयला सावधगिरीची ईमेल गेली. तो तिला लिफ्टपाशी गाठून म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस गं. माझंही अप्रेझल बिघडणारच आहे.”

“अरेरे. आता तुम्हालाही गाडी सोडून आमच्यासारखं कंपनीच्या बसने यावं लागणार का?”

तो हसला. त्याला ते खरंच विनोदी वाटलं.

पान कंपनीने ठेवलं. फक्त सगळ्या चौकटींतली नावं काढली, वर ‘टीम मार्गदर्शिका’ असं लिहिलं आणि बदल करायचा अधिकार एकट्या दिग्विजयकडे दिला. त्याने ते परत उघडलं नाही. पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि पानावरची तिसरी पायरी चुकीची ठरली. पूर्णिमाने त्याला कळवलं. “बघतो,” असं उत्तर आलं. तिने पुन्हा कळवलं नाही.

त्या आठवड्यात रुजू झालेला सौरभ लॅपटॉप हातात घेऊन तिच्या टेबलापाशी आला.

“मॅम, तिसऱ्या स्टेपला अडकलोय. सगळे म्हणाले, तुम्हाला विचार.”

पूर्वी तिने खुर्ची पुढे ओढून दिली असती. काय चुकतंय ते तिला पडद्याकडे पाहताच कळलं होतं. एक आकडा बदलायचा होता.

“पानावर काय लिहिलंय?”

“तेच केलं, मॅम. दोनदा केलं.”

“मग परत करा. अधिकृत पान आहे, चुकायचं नाही.”

ही थट्टा आहे की काय, ते त्याला उमगेना. “ओके, मॅम,” म्हणून तो जागेवर गेला आणि पहिल्यापासून टाइप करायला लागला. पूर्णिमा बघत राहिली. मग बॅग उचलून ती बसकडे निघाली.